चिनी चांदीची नाणी: आधी वाजवून घ्या, मग दुर्मीळ म्हणा

गोल गरगरीत चेहरा, ओठांवर मिशी, खांद्यावर लष्करी झुपके आणि मागच्या बाजूला धान्याच्या लोंब्या. चिनी चांदीची नाणी जमवू लागलेल्याच्या हातात पहिलं नाणं बहुधा हेच येतं. हा चेहरा युआन शिकाई या चिनी प्रजासत्ताकाच्या राष्ट्राध्यक्षाचा. चीनमध्ये लोक या नाण्याला ‘युआन दा-तोऊ’ म्हणतात, म्हणजे मोठ्या डोक्याचा युआन.

माझंही पहिलं हेच होतं. ‘वर्ष तीन (म्हणजे १९१४), दुर्मीळ छाप’ असं ऐकून घेतलं, छाप कोणता ते चार लेख वाचून पक्कंही केलं, आणि महिनाभराने सहज काट्यावर ठेवलं तर भरलं तेवीस ग्रॅम. सव्वीसच्या वर भरायला हवं होतं. म्हणजे मी महिनाभर पितळेवर चांदीचा मुलामा दिलेल्या तुकड्याच्या केसांच्या बटा मोजत बसलो होतो.

म्हणून हा लेख लोक सहसा जातात त्याच्या उलट्या क्रमाने लिहितो आहे. आधी धातू, मग नाण्याचं कूळ, मग साल, मग छापाचा प्रकार, मग झीज, आणि किंमत सर्वांत शेवटी.

जवळ काय हवं

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, व्हर्नियर कॅलिपर, सराफ वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक निओडायमियम चुंबक, शिवणाचा दोरा आणि पाण्याचा पेला. यात न बसणाऱ्या वस्तू म्हणजे टूथपेस्ट, चिंच, रिठे आणि रांगोळी. घरातली चांदीची भांडी त्यांनी खुशाल घासा, पण नाण्याला हात लावू नका. शंभर वर्षांत चढलेला काळपट थर घासून काढलेलं नाणं चकचकीत दिसतं आणि संग्राहकाच्या नजरेत तिथेच पडतं. हे नुकसान कशानेही भरून येत नाही.

पायरी पहिली: धातू

ड्रॅगनची नाणी असोत, युआनचं असो की पुढच्या काळातलं जहाजाचं, चिनी डॉलर, म्हणजे हे मोठं चांदीचं नाणं, ढोबळमानाने २६.५ ते २७ ग्रॅमचा असतो आणि व्यास ३९ मिलिमीटरच्या आसपास. फार वापरलेलं नाणं थोडं कमी भरेल, पण दोन-तीन ग्रॅमचा फरक झिजेने पडत नाही.

ड्रॅगनच्या नाण्यांवर हे वजन इंग्रजीतच कोरलेलं असतं: ‘७ मेस अँड २ कँडरीन्स’. चिनी टेल या मापाचे दहा मेस आणि एका मेसचे दहा कँडरीन. कुपिंग म्हणजे सरकारी खजिन्याचा टेल साधारण ३७.३ ग्रॅमचा, त्यामुळे ०.७२ टेल म्हणजे सुमारे २६.९ ग्रॅम. इथे थोडं विषयांतर करतो. ‘मेस’ हा शब्द मलय भाषेतल्या ‘मास’वरून आला, आणि त्याचं मूळ संस्कृत ‘माष’मध्ये असल्याचं मानतात. म्हणजे आपल्या तोळा-मासा-गुंजेतला मासाच. वजन मात्र एक नाही: आपला मासा ग्रॅमला थोडा कमी, चिनी मेस पावणेचार ग्रॅमच्या जवळ.

वजन जुळलं तरी समाधान मानू नका, ते जुळवणं खोटी नाणी करणाऱ्यांनाही जमतं. खरी परीक्षा घनतेची, आणि ती घरच्या काट्यावर होते. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं हातात धरा. तळाला किंवा काठाला ते टेकता कामा नये, आणि त्याला बुडबुडे चिकटलेले नसावेत. आता काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. ८९-९० टक्के चांदीच्या नाण्याचं उत्तर १०.३ च्या आसपास येतं. २६.८ ग्रॅमचं खरं नाणं पाण्यात २.६ दाखवेल, तर तेवढ्याच वजनाचं तांबं-निकेलचं ३.० च्या पुढेमागे. एवढा फरक साध्या काट्यालाही कळतो. पेल्यात भिजलेलं नाणं नंतर मऊ कापडावर टेकवून टिपा, चोळू नका.

चांदी चुंबकाला चिकटत नाही. नाणं तिरकं धरून वरून चुंबक सोडला तर तो नुसता घरंगळत नाही, कुणी धरून ठेवल्यासारखा सावकाश उतरतो. आवाजाचंही तसंच. ‘वाजवून घेणे’ हा आपला वाक्प्रचार इथे शब्दशः लागू पडतो. चीनमध्ये युआनचं नाणं दोन बोटांत मधोमध धरून कडेवर जोरात फुंकर मारत आणि लगेच कानाशी नेत. चांदी असेल तर बारीक, लांबत जाणारा नाद येतो. फरशीवर आपटून मात्र पाहू नका, कडेला पोचा पडला की किंमत उतरलीच.

सराफाकडे जाणार असाल तर आधीच सांगा: कसोटीवर घासायचं नाही आणि कानस लावायची नाही. त्याच्या धंद्यात ते योग्य, कारण त्याला मोडीचा भाव काढायचा असतो. तुमच्याकडे आहे ते नाणं. गंमत म्हणजे चीनच्या बंदरांत नाणी पारखणाऱ्यांनाही इंग्रज व्यापारी ‘श्रॉफ’ म्हणत, म्हणजे आपला सराफच. हा अरबी ‘सर्राफ’ भारतमार्गे तिकडे पोहोचला. हाँगकाँगमध्ये पार्किंगचे पैसे भरायच्या खिडकीवर आजही ‘श्रॉफ’ लिहिलेलं असतं. हे पारखी खरं ठरलेल्या नाण्यावर आपला छोटा शिक्का ठोकत. जुन्या डॉलरवर असे ठसे दिसले तर ती आपोआप खोडी समजू नका. बहुतेक खरेदीदार त्यांच्यासाठी भाव कमी देतात, पण मुद्दाम अशी ठशांचीच नाणी जमवणारेही आहेत.

पायरी दुसरी: कूळ ओळखा

चिनी वाचता येत नाही म्हणून अडत नाही. चित्र पाहा.

ड्रॅगन असेल तर नाणं चिंग या चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या राजवटीतलं. त्याची सुरुवात दक्षिणेकडच्या क्वांगतुंग प्रांतातून झाली. तिथले सुभेदार चांग चितुंग यांनी कँटनला (आजच्या क्वांगचौला) टांकसाळ काढली, यंत्रं आणि ठसे बर्मिंगहॅमच्या हीटन कंपनीकडून मागवले. मेक्सिकोच्या गरुडछाप डॉलरने चीनचा बाजार व्यापला होता, त्याच्यावर मात करायची म्हणून पहिला नमुना ७ मेस ३ कँडरीनचा, म्हणजे थोडा जडच केला. पुढे तो ७ मेस २ वर आला. पाठोपाठ हुपेह, किआंगनान, पेइयांग, फेंगतिएन अशा प्रांतांच्या आणि विभागांच्या टांकसाळींनी आपापली नाणी पाडली. बहुतेकांवर प्रांताचं नाव इंग्रजीत आहे, म्हणून नवशिक्याला ही सोपी जातात. १९११ सालच्या राजवटीच्या शेवटच्या डॉलरवर प्रांताचं नाव नाही, इंग्रजीत फक्त ‘वन डॉलर’ आहे.

माणसाचा चेहरा असेल तर बहुधा प्रजासत्ताकाचा काळ. मिशीवाला युआन शिकाई. इंग्रजीत ‘मेमेंटो’ आणि ‘बर्थ ऑफ रिपब्लिक ऑफ चायना’ असेल तर प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत्-सेन. आणि मागे दोन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज असेल तर तेही सुन यत्-सेनच, पण नाणं १९३० च्या दशकातलं.

मोटारगाडी दिसली तर श्वास रोखून धरा, पण पैसे काढू नका. क्वेइचौ प्रांताने १९२८ मध्ये रस्ता बांधल्याच्या स्मरणार्थ गाडीचं चित्र असलेला डॉलर काढला. गाडीखालच्या गवताच्या पात्यांत सुभेदार चौ शीचंग यांच्या नावाची अक्षरं दडवली आहेत असं सांगतात. इतकी रंजक गोष्ट असलेल्या नाण्याच्या नकला किती होत असतील ते वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे सापडू शकणारी दोन नाणी

जुन्या पेटीत ‘चिनी नाणं’ म्हणून हाती येईल त्यात उभी ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री), हातात त्रिशूळ आणि ढाल असं चित्र असेल, मागे चिनी आणि अरबी वळणाच्या मलय लिपीत ‘एक डॉलर’ लिहिलेलं असेल, तर ते चीनने काढलेलं नाणं नव्हे. हा १८९५ ते १९३५ दरम्यान पूर्वेच्या व्यापारासाठी पाडलेला ब्रिटिश डॉलर, आणि तो मुख्यतः मुंबईच्या टांकसाळीत बनला. वजन २६.९५ ग्रॅम, ९० टक्के चांदी. भिंगातून त्रिशुळाचं मधलं टोक पाहा, त्यावर खोल कोरलेला बारीक ‘बी’ दिसेल. तो बॉम्बेचा. हाँगकाँग, मलाया आणि दक्षिण चीनमध्ये हा चालायचा. बहुतेक सालं सहज मिळतात. १९२१ आणि १९३५ ची मुंबई-छाप नाणी मात्र फार थोडी बाहेर पडली, म्हणून ही दोन सालं दिसली की आधी शंका आणि मग आनंद.

दुसरं नाणं आकाराने लहान, साडेअकरा ग्रॅमच्या आसपास: सेचवान रुपया. व्हिक्टोरिया राणीचा भारतीय रुपया तिबेट आणि पश्चिम सेचवानमध्ये इतका रुजला होता की त्याला तोंड द्यायला चिनी अधिकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचीच नक्कल केली आणि राणीच्या जागी क्वांगशू सम्राटाचा चेहरा बसवला. याचे छाप ओळखणं नवशिक्यासाठी उत्तम सराव आहे: सम्राटाच्या गळ्याशी कॉलर आहे की नाही, आणि मागे चार अक्षरांच्या मध्ये असलेल्या फुलाच्या पाकळ्या उभ्या आहेत की आडव्या. नंतरच्या काळातल्या नाण्यांत चांदी कमी होत गेली, तेव्हा इथेही काटा आधी. अर्धा किंवा पाव कापलेला रुपया दिसला तर चकित होऊ नका. सुट्ट्या पैशांसाठी तिबेटात ते असे कापत.

पायरी तिसरी: साल वाचा

प्रजासत्ताकाच्या नाण्यांवर साल १९१२ पासून मोजतात. नाण्यावरच्या आकड्यात १९११ मिळवा: वर्ष ३ म्हणजे १९१४, वर्ष २३ म्हणजे १९३४. मजकूर उजवीकडून डावीकडे वाचायचा. आकडे ओळखायला पाच मिनिटं पुरतात. एक, दोन, तीन म्हणजे तितक्याच आडव्या रेघा. दहा म्हणजे अधिकचं चिन्ह. आठ म्हणजे वर एकमेकांकडे झुकलेल्या पण न जुळलेल्या दोन रेघा, कौलारू छपरासारख्या. नऊ म्हणजे आकडीसारखं वळण घेणारं अक्षर. जहाजाच्या नाण्यावर दोन रेघा, अधिक, तीन रेघा असं दिसलं की तेवीस.

युआनच्या डॉलरला आणखी एक खूण आहे. वर्ष ३ च्या नाण्यावर डोक्याच्या वर सहा अक्षरं असतात, वर्ष ८, ९ आणि १० च्या नाण्यांवर सात. डॉलर एवढ्या चारच सालांचा आहे. वर्ष चार, पाच, सहा किंवा सातचा युआन डॉलर कुणी दाखवला तर पुढची पायरी चढायची गरज नाही. युआन स्वतः १९१६ मध्ये वारला, नाणं त्याच्यानंतरही निघत राहिलं. इतकंच नव्हे, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कम्युनिस्ट सरकारनेसुद्धा तिबेटात चालवण्यासाठी वर्ष ३ चेच डॉलर पुन्हा पाडले, कारण तिथले लोक कागदी नोट घेईनात. तेव्हा ‘१९१४’ वाचलं म्हणजे नाणं १९१४ मध्येच बनलं असं नाही.

पायरी चौथी: छापाचा प्रकार

सगळ्यांना याच पायरीवर थेट उडी मारायची असते, आणि खरी मजाही इथेच आहे.

आधी सर्वसाधारण नाणं डोळ्यांत पक्कं बसवा. वर्ष ३ चा साधा, स्वस्तातला, पण नक्की खरा डॉलर विकत घ्या आणि तो भिंगाखाली इतक्यांदा पाहा की कंटाळा यावा. वेगळेपण ओळखायचं तर नेहमीचं तोंडपाठ हवं.

मग वर्ष ३ मध्ये हे शोधा. मागच्या बाजूला लोंब्या बांधलेल्या फितीच्या गाठीत बारीकसं वर्तुळ आहे का? हा ‘ओ’ छाप. ‘युआन’ (इथे माणूस नव्हे, चलनाचं नाव) या अक्षराच्या आतला छोटा चौकोन त्रिकोणासारखा दिसतो का? त्याला त्रिकोणी युआन म्हणतात. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक चिनी अक्षर आहे का? असेल तर ते कान्सू प्रांताचं नाव. चेहऱ्याच्या उजवीकडे कडेलगत इंग्रजी अक्षरांत ‘एल. जॉर्जी’ आहे का? ही उत्तर चीनमधल्या तिएनत्सिन शहराच्या टांकसाळीत ठसे कोरणाऱ्या लुइजी जॉर्जी या इटालियन कारागिराची सही, आणि ती नमुना-नाण्यांवर आहे. मग नाणं उभं करून कड पाहा. नेहमीच्या नाण्याला सरळ दाते असतात. त्याऐवजी टी-आकाराची नक्षी किंवा मेक्सिकन डॉलरसारखी कड असेल तर तो वेगळा, महागडा प्रकार. नवखे लोक दोन्ही तोंडं तासन्‌तास पाहतात आणि कड बघायलाच विसरतात.

वर्ष ८ इतर सालांपेक्षा कमी दिसतं, म्हणून साध्या छापालाही थोडा जास्त भाव. वर्ष ९ मध्ये केसांकडे पाहा: बारीक, सुट्या रेघांचे केस आणि जाड, ठसठशीत केस असे दोन गट आहेत, बारीक केसांना मागणी जास्त.

सुन यत्-सेनच्या ‘मेमेंटो’ डॉलरवर इंग्रजी मजकुराच्या मधल्या चांदण्यांची टोकं मोजा. पाच टोकांचं असेल तर १९१२ चं मूळ, सहा टोकांचं असेल तर १९२७ ची पुढची आवृत्ती, जी उदंड मिळते. १९११ च्या ड्रॅगन डॉलरवर ‘डॉलर’ या इंग्रजी शब्दानंतर ठिपका आहे का ते पाहा. १९२३ च्या ड्रॅगन-फिनिक्स डॉलरमध्ये मधली ‘एक युआन’ ही अक्षरं मोठी आहेत की छोटी, यावर भाव ठरतो.

जहाजाच्या डॉलरची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. वर्ष २१ (१९३२) च्या नाण्यावर जहाजाच्या वर तीन पक्षी आणि उगवता सूर्य होता. मांचुरिया आणि शांघायवरचे जपानी हल्ले ताजे होते. लोकांना तो सूर्य जपानचा वाटला आणि पक्षी म्हणजे जपानी विमानं. पुढच्या वर्षीच्या नाण्यावरून दोन्ही गायब झाले. म्हणून पक्ष्यांचं नाणं महाग, आणि वर्ष २३ चं इतकं सामान्य की १९४९ मध्ये अमेरिकेच्या टांकसाळींनी त्याच सालाचे आणखी तीन कोटी डॉलर पाडून दिले. वर्ष २३ चं करकरीत नवं नाणं दिसलं तर ते या खेपेतलं असू शकतं.

दुर्मीळ छाप जितका मोठा, शंका तितकी मोठी

वर सांगितलेला प्रत्येक दुर्मीळ प्रकार खोटी नाणी करणाऱ्यांनाही माहीत आहे. कान्सू, जॉर्जीची सही, मोटारगाडी, युआनने सम्राट व्हायचा घाट घातला तेव्हाचं उडत्या ड्रॅगनचं नाणं: बाजारात यांच्या नकला खऱ्यांहून किती तरी जास्त आहेत. खऱ्या साध्या नाण्यावर नंतर अक्षरं कोरणं किंवा ठिपका डकवणं हेही चालतं, आणि अशा नाण्याची घनता अगदी बरोबर येते. तेव्हा जोडलेल्या अक्षराच्या बुडाशी भिंग न्या. खऱ्या अक्षराची कड पृष्ठभागातून सहज वर येते. कोरलेल्याभोवती खरवडल्याच्या बारीक रेघा असतात. ओतीव नकलेवर पुटकुळ्या, बोथट अक्षरं आणि कडेला जोडाची रेघ सापडते. विक्रेत्याकडे एकाच छापाची तीन नाणी असतील आणि तिन्हींवर तोच ओरखडा त्याच जागी असेल, तर तो ओरखडा साच्यातून आलेला आहे.

माझं तेवीस ग्रॅमचं नाणं मी याच कामाला ठेवलं आहे. नवं काही घेतलं की शेजारी ठेवून अक्षरांच्या कडा ताडून पाहतो.

पायरी पाचवी: झीज

सगळ्यात उंच भाग आधी झिजतो. युआनच्या कानावरचे केस आणि खांद्याचे झुपके, सुन यत्-सेनचे केस, जहाजाच्या शिडावरच्या रेघा, ड्रॅगनचे खवले आणि तोंड. तिथे रेघा सुट्या दिसतात की सपाट चकती झाली आहे, एवढंच बघायचं. दागिन्यासाठी कडी डाखवलेली, भोक पाडून बुजवलेली किंवा घासलेली नाणी वेगळ्या, खालच्या रांगेत जातात. झीज कितीही कमी असो.

पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था नाणं तपासून १ ते ७० पर्यंत गुण देतात आणि प्लास्टिकच्या डबीत बंद करतात. साध्या झिजलेल्या डॉलरसाठी तो खर्च परवडत नाही. दुर्मीळ छाप म्हणून मोठी रक्कम मोजणार असाल तर असं बंद नाणंच घ्या. डब्याही खोट्या निघतात, म्हणून डबीवरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो हातातल्या नाण्याशी जुळवा, नुसता क्रमांक नव्हे.

पायरी सहावी: किंमत

आधी तळ काढा. २६.७ ग्रॅमच्या युआन डॉलरमध्ये ८९ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे २३.८ ग्रॅम शुद्ध चांदी. आजच्या किलोच्या भावाला हजाराने भागून तेवढ्याने गुणा. त्याखाली नाणं विकू नका. वरचा भाग ठरवायला स्टॅक्स बोवर्स आणि हेरिटेज या लिलावगृहांच्या जुन्या लिलावांचे निकाल पाहा. विक्रेत्याने मागितलेली किंमत ही त्याची इच्छा, लिलावात प्रत्यक्ष निघालेली किंमत हा बाजार. तुलना करताना साल, छाप, गुण आणि घासलेलं की नाही, चारही जुळले पाहिजेत. यासाठी नाण्याचा कॅटलॉग क्रमांक कामी येतो: वर्ष ३ चा युआन डॉलर क्राउझेच्या यादीत वाय-३२९, लिन आणि मा यांच्या यादीत एलएम-६३. लिलावातल्या किमतीत खरेदीदाराने हातोड्याच्या रकमेवर भरलेलं शुल्कही धरलेलं असतं. विकणाऱ्याच्या हाती त्याहून बरंच कमी पडतं, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

एखाद्या छापाला कॅटलॉगमध्ये क्रमांक नाही आणि लिलावाच्या निकालांतही तो नाही, तर फरक कितीही स्पष्ट असो, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. ठसा तडकल्याने उमटलेली रेघ प्रत्येक टांकसाळीत दररोज व्हायची.

परदेशी पाठवण्याआधी

भारतात १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षं पूर्ण झालेल्या नाण्याला पुरावस्तू मानतो, आणि अशी वस्तू खासगी माणसाने देशाबाहेर पाठवणं गुन्हा ठरतं. १९१४ मध्येच बनलेला युआन, ड्रॅगनचे डॉलर, सुरुवातीचे सेचवान रुपये हे सगळे त्या वयात आले आहेत. गुण मिळवायला किंवा लिलावाला म्हणून ते पाकिटात घालून पाठवू नका. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारा. १९३४ चं जहाज अजून शंभरचं झालेलं नाही, पण परदेशातून आणलेलं असो की इथे घेतलेलं, त्याचं बिल आणि फोटो नाण्यासोबतच ठेवा.